कूलरचा शॉक, टीव्हीचा आवाज आणि टायरमधली हवा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

चैत्र लागला की या पानाकडं येणाऱ्या प्रश्नांचा नूर बदलतो. कोणता टीव्ही घ्यावा, कोणती गाडी बरी, हे मागं पडतं. घेतलेली वस्तू या उन्हात, या धुळीत आणि बोअरच्या पाण्यावर नीट का चालत नाही, हे पुढं येतं. या अंकात असेच प्रश्न घेतले आहेत. कंपन्यांची तुलना मागणाऱ्यांनी थोडं थांबावं.

प्रश्न : पत्र्याचा मोठा कूलर आहे. गेल्या वर्षी नवे हनीकोंब पॅड टाकले होते, ते यंदा पांढरे आणि कडक झालेत. दुपारी हवा कोमटच येते, वास मारते आणि ओला हात पत्र्याला लागला की झिणझिण्या येतात. दुरुस्त करावा की एसी घ्यावा?
(एक वाचक, लातूर)

हवा आणि वास नंतर बघू, आधी झिणझिण्या. कूलर बंद करा, पिन काढा आणि वायरमन येईपर्यंत लावू नका. आज नुसत्या झिणझिण्या आल्या, पण उद्या फरशी ओली असेल आणि पायात चप्पल नसेल तर त्याच पत्र्यानं जीव जाऊ शकतो. मराठवाड्यात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या येतात त्या अशाच.

वीज पत्र्यात बहुधा पाण्यातल्या पंपातून उतरते. पंपाची वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोललेली असते, नाहीतर पंपाचं सील जाऊन पाणी आत शिरलेलं असतं. दोनशे-तीनशे रुपयांच्या पंपाची दुरुस्ती करत बसू नका, बदलून टाका. मग पिन बघा. तीन पायांची हवी आणि तिची हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला बोल्टनं घट्ट आवळलेली हवी. रंगावर आवळलेला बोल्ट कामाचा नाही, खालचा रंग खरवडावा लागतो. घराची अर्थिंगही तपासून घ्या. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग तार असूनही वीज जमिनीत नीट उतरत नाही. आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. काही ठिकाणी अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रललाच अर्थिंगची तार जोडून देतात. तसं कोणी सुचवलं तर ठाम नकार द्या, कारण न्यूट्रल तुटली की कूलरच्या सगळ्या पत्र्यात वीज उतरते.

मेन स्विचच्या पुढं ३० मिलिअँपियरची आरसीसीबी बसवा. दुकानदार तिला अजूनही ईएलसीबी म्हणतात. माणसाला शॉक बसताच ती क्षणात लाईन तोडते. साधी एमसीबी हे काम करत नाही, ती फक्त जास्त लोड आणि शॉर्ट सर्किट ओळखते. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. आणि कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची, मगच नळी लावायची.

आता थंडाव्याचं. बाहेर ४२ अंश आणि हवेत आर्द्रता १८ टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगला ओला पॅड हवा साधारण २८ अंशांपर्यंत खाली आणतो. जून संपता संपता ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असते तेव्हा तोच कूलर जेमतेम ३० अंश देतो, वर घाम वाळत नाही. म्हणजे मृगाचा पाऊस पडून गेल्यावर कूलर काम करत नसेल तर त्याच्यात बिघाड नाही, हवाच तशी झालेली असते. एप्रिल-मे मध्ये कोमट हवा आली तर मात्र दोष कूलरचा.

तुमचा दोष पांढऱ्या थरात आहे. मोठा कूलर दिवसभरात ५० लिटर पाणी सहज उडवतो. बोअरच्या पाण्यात लिटरमागं एक ग्रॅम क्षार धरले, आणि आपल्याकडं तेवढे असणं काही विशेष नाही, तर रोज ५० ग्रॅम क्षार कूलरमध्येच मागं राहतात. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. तुम्ही वरून पाणी भरत राहता आणि टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होत जातं. म्हणून टाकी नुसती भरत राहायची नाही, दोन-तीन दिवसांनी तळाचं पाणी पूर्ण काढून टाकायचं. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्यांना हे जिवावर येतं, हे आम्हाला कळतं. टाकीत पाच-सात लिटरच उरतील अशा बेतानं शेवटचं पाणी संपवा आणि तेवढंच काढा. ते संडासात किंवा ओटा धुवायला वापरा. तुळशीला घालू नका, ती जळेल.

पॅड अजून वाचू शकतात. १०० ग्रॅम लिंबूसत्व पाच लिटर कोमट पाण्यात विरघळवा, पॅड त्यात दोन-तीन तास बुडवून ठेवा, मऊ ब्रशनं पन्हाळीच्या दिशेनं घासा आणि साध्या पाण्यानं धुवा. फरशी धुण्याचं ॲसिड वापरू नका. त्यानं क्षार झटकन जातात खरे, पण कागदी पॅडही भुसभुशीत होतो आणि उरलेलं ॲसिड पत्रा खातं. पंप त्याच पाण्यात अर्धा तास ठेवा. वर पाणी वाटणाऱ्या नळीची भोकं सुईनं एकेक मोकळी करा, कारण निम्मा त्रास तिथंच असतो. भोकं बुजली की पॅडवर कोरडे पट्टे राहतात आणि त्या पट्ट्यातून बाहेरची गरम हवा जशीच्या तशी आत येते. कूलर चालू करून दहा मिनिटांनी पॅडकडं बाहेरून बघा. हाताएवढाही कोरडा भाग दिसता कामा नये. धुऊनही पॅड दाबल्यावर कुरकुरत असेल तर मात्र बदला. कडक क्षाराच्या पाण्यावर हनीकोंब दोन-तीन उन्हाळे टिकतो, गवताचा पॅड एकच.

वास येतो तो ओल्या पॅडला लागलेल्या बुरशीचा. रात्री कूलर बंद करण्याआधी पंप बंद करून नुसता पंखा वीस मिनिटं चालवा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून पुसून कोरडी ठेवा, म्हणजे डासांच्या अळ्याही वाढणार नाहीत.

कूलर खोलीच्या आत ठेवून दार लावून घेणं ही घरोघरची चूक. त्याला बाहेरची कोरडी हवा ओढायला मिळाली पाहिजे आणि आतल्या दमट हवेला समोरच्या खिडकीतून बाहेर जायला वाट पाहिजे. टाकीत बर्फ टाकण्याचा खर्चही वाचवा. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी उडताना ओढतं.

एसीचं म्हणाल, तर पत्र्याच्या खोलीत एसी लावू नका. आधी पत्र्याखाली सीलिंग करा किंवा वरून पांढरा उष्णतारोधक रंग द्या. स्लॅबची बंद होणारी खोली असेल आणि जून-जुलैचाही विचार करायचा असेल, तर एसी घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : ५५ इंची टीव्ही घेतला. त्यावर सिनेमा लावला की मालिकेसारखा दिसतो, खोटा-खोटा वाटतो. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा तर गाण्याला आणि मारामारीला घर दणाणतं. टीव्ही खराब लागला का?
(एक वाचक, परभणी)

टीव्ही चांगला आहे. दुकानात ग्राहकाचा डोळा खेचायला ठेवलेली मांडणी घरी तशीच राहिली आहे.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी बनतो. मालिका आणि बातम्या आपल्याकडं सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांच्या हिशेबानं येतात, म्हणून त्यांची हालचाल गुळगुळीत दिसते. नवे टीव्ही सिनेमातल्या दोन चित्रांमध्ये मनानंच तिसरं चित्र घुसवतात आणि सिनेमाची मालिका होते. ही सोय बंद करायची. सॅमसंगमध्ये ती ‘पिक्चर क्लॅरिटी’ नावाखाली सापडेल, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, बाकी बऱ्याच टीव्हींत ‘एमईएमसी’. क्रिकेटला ती कमी मात्रेत ठेवली तरी चालते. एक लक्षात ठेवा : बरेच टीव्ही सेट टॉप बॉक्ससाठी वेगळी आणि ॲपसाठी वेगळी मांडणी जपून ठेवतात. एका ठिकाणी बंद केली म्हणजे सगळीकडं झाली असं नाही.

त्याच वेळी पिक्चर मोड ‘विव्हिड’वरून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा. दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग आधीचं निळं होतं हे कळेल. दुपारी खोलीत उजेड असेल तर बॅकलाइट वाढवा, कॉन्ट्रास्ट नको. शार्पनेस कमी करत या आणि चेहऱ्याच्या कडेची पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबा.

संवादांचं कारण वेगळं. ओटीटीवरचे बरेच सिनेमे ५.१ आवाजात, म्हणजे पाच स्पीकर आणि दणक्याचा एक सबवूफर या हिशेबानं असतात. त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी राखलेले असतात आणि तुमच्या टीव्हीला मधला स्पीकर नाही. ॲपमध्ये सिनेमा चालू असताना आवाजाच्या पर्यायात जाऊन ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा. टीव्हीत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तत्सम काही असेल तर ते चालू करा. निम्मा फरक फुकटात पडतो. उरलेला निम्मा खोलीचा असतो. शहाबादी फरशी, सपाट भिंती आणि उघडी खिडकी अशा खोलीत आवाज घुमतो. टीव्हीसमोर जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीला पडदा लावून बघा.

तरीही साउंडबार घ्यायचाच असेल तर मोठ्या सबवूफरचा २.१ घेऊ नका, त्यानं मारामारीच वाढेल. मधला स्पीकर असलेला ३.१ घ्या आणि टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतच जोडा. दुसऱ्या खाचेत वायर बसते, पण आवाज येत नाही.

तुमच्या पत्रात टीव्ही दाराच्या चौकटीवर टांगल्याचा उल्लेख आहे. खाली घ्या. बसल्यावर डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतात, पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. खालून बघताना एलईडी पॅनेलचा काळा रंग राखाडी पडतो, मान दुखते ती वेगळीच. ५५ इंचाला सात-आठ फूट अंतर पुरे.

प्रश्न : आमच्या गावात डीपीत बिघाड होऊन एका रात्रीत गल्लीतले तीन टीव्ही जळाले. दुकानदार टीव्हीसाठी स्टॅबिलायझर घ्या म्हणतो. उपयोग होईल का?
(एक वाचक, गेवराई तालुका)

दुकानदार विकायला बसला आहे, त्याला दोष देत नाही. पण टीव्हीला स्टॅबिलायझरची गरज सहसा नसते. टीव्हीच्या पाठीवर बघा, १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं सापडेल. शेतीपंप चालू झाल्यावर व्होल्टेज १५० वर आलं तरी एलईडी टीव्ही तक्रार करत नाही. तक्रार करतो तो फ्रिज आणि एसी, कारण त्यांच्यात कॉम्प्रेसर असतो. स्टॅबिलायझर त्यांना द्या.

गल्लीतले टीव्ही कमी व्होल्टेजनं गेले नाहीत. डीपीवरची किंवा खांबावरची न्यूट्रल सैल झाली की दोन फेजमधलं ४१५ व्होल्ट दोन घरांच्या उपकरणांमधून वाटलं जातं. ज्याच्या घरी लोड कमी, त्याच्याकडं व्होल्टेज जास्त. रात्री पंखा आणि टीव्ही एवढंच चालू असलेलं घर त्यात ३५० च्या वर जाऊ शकतं. साधा स्टॅबिलायझर अशा वेळी स्वतःच जळतो.

याला उपाय म्हणजे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीच्या पेटीत बसतो, व्होल्टेज साधारण २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की अख्ख्या घराची लाईन तोडतो आणि सुरळीत झाल्यावर थोडं थांबून जोडतो. आकडे बदलता येतात. आपल्याकडं खालची मर्यादा १७० ठेवली तर संध्याकाळी घर सारखं अंधारात जाईल, म्हणून ती १५०-१६० वर आणा आणि फ्रिजला वेगळा स्टॅबिलायझर ठेवा. पुन्हा जोडण्याचा वेळ तीन मिनिटं ठेवा, फ्रिजच्या कॉम्प्रेसरला तेवढी उसंत लागते. तुमच्या मेन स्विचच्या अँपियरला साजेसा प्रोटेक्टर घ्या. खालचा घेतला तर त्याचेच टर्मिनल वितळतात.

अवकाळीच्या विजांपुढं यातलं काहीच टिकत नाही. ढग गडगडायला लागले की टीव्हीची पिन काढा आणि डिशच्या छत्रीची वायरही काढा. लोक पिन काढतात, छत्रीची वायर तशीच राहते आणि बॉक्स तिथूनच जातो. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा, आसपासच्या विजेची सूचना आधी मिळते.

प्रश्न : मे महिन्यात समृद्धीवरून नागपूरला जायचं आहे. पंक्चरवाला म्हणतो, उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल. दुसरा म्हणतो नायट्रोजन भरा. कुणाचं ऐकावं?
(एक वाचक, जालना)

दोघांचंही नको. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीच्या खांबावर स्टिकर आहे. त्यावर कमी माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी एक असे दोन आकडे असतात. पाच माणसं आणि डिकीत बॅगा असतील तर दुसरा आकडा तुमचा.

हवा कमी ठेवण्याचा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण टायर फुटण्याचं मुख्य कारण नेमकं तेच आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त वाकते आणि वाकण्यानं तापते. गावातल्या रस्त्यावर ४० च्या वेगानं ती उष्णता निघून जाते. समृद्धीवर कारला १२० पर्यंत मुभा आहे, आणि तो वेग तासन्‌तास राहिला की बाजूतले दोरे आणि रबर सुटू लागतात. सिमेंटच्या रस्त्याला सगळे नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा गुन्हेगार कमी हवा, जास्त वजन किंवा म्हातारा टायर असतो.

हवा सकाळी निघताना, टायर थंड असताना तपासा. घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत पंप असेल तर तिथं चालेल. वाटेत थांबून मोजलीत तर ४-५ पॉइंट जास्त दिसतील. ती वाढ कंपनीनं हिशेबात धरलेली असते. तिथं हवा सोडू नका, सोडली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येईल आणि परतीच्या वाटेवर तोच धोका.

टायरचं वय बाजूवर लिहिलेलं असतं. लंबगोलात चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत असली तरी लांबच्या वेगासाठी वापरू नये असं आमचं मत. आपल्याकडच्या उन्हात उभ्या गाडीचं रबरही वाळतं. नक्षीच्या चरांत मधे मधे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. बाजूला फुगा आलेला टायर समृद्धीवर नेऊच नका, फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेले. स्टेपनी विसरू नका, तिच्यात वर्षभर कोणी हवा बघत नाही.

नायट्रोजननं नुकसान नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर भरा. त्याच्या भरवशावर हवा तपासणं सोडू नका.

प्रश्न : शहरातल्या चेनच्या दुकानातून पिझ्झा आणि फ्राइज पार्सल घेतले की ३० किलोमीटरवर गावी पोहोचेपर्यंत पिझ्झा चामड्यासारखा आणि फ्राइज मऊ होतात. शिवाय एका हॉटेलात बसून खाल्लं तर बिलात सर्व्हिस चार्ज लावला होता. तो द्यावाच लागतो का?
(एक वाचक, उमरगा)

फ्राइज आणि पिझ्झा यांचा शत्रू एकच, डब्यातली वाफ. फ्राइजची पिशवी घेतल्याबरोबर तोंड उघडी करा. पिझ्झाच्या खोक्याला बाजूला भोकं असतात, ती अर्धवट कापलेली असतील तर बोटानं मोकळी करा आणि खोकं सीटवर सपाट ठेवा. थर्मोकोलच्या डब्यात घट्ट बंद करू नका.

घरी मायक्रोवेव्ह विसरा. त्यात पाव क्षणभर मऊ होतो आणि दोन मिनिटांत वातड. जाड बुडाचा तवा मंद आचेवर तीन मिनिटं तापवा, तुकडे ठेवा, दोन-तीन मिनिटांनी तव्याच्या कडेला पाण्याचे पाच-सहा थेंब टाकून लगेच झाकण ठेवा. खालून कुरकुरीत होतो, वरचं चीज वाफेनं वितळतं.  फ्राइज कोरड्या तव्यावर एका थरात, तेल न घालता परता. एअर फ्रायर असेल तर २०० अंशांवर तीन-चार मिनिटं. मेयोनीज लावलेला बर्गर मात्र एवढ्या लांब नेऊ नका. ४० च्या पुढच्या उन्हात, एसी बंद असलेल्या गाडीत तासाभरात तो खाण्यालायक राहत नाही. चिकन आणि पनीरचंही तेच.

सर्व्हिस चार्ज देणं तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सूचना काढल्या, की हॉटेलनं तो आपोआप बिलात टाकायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला त्या कायम केल्या. बिल हातात आल्यावर शांतपणे ‘हा काढून द्या’ म्हणा. नाही काढला तर बिलाचा फोटो घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. साध्या रेस्टॉरंटचा जीएसटी ५ टक्के, बिलात तो अडीच-अडीच असा दोन ओळींत दिसतो, तो द्यावाच लागतो. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर पदार्थाच्या कॅलरी लिहाव्या लागतात, त्याही एकदा वाचून बघा. मोठा चीज पिझ्झा एकट्यानं संपवणाऱ्यानं तर नक्कीच.

प्रश्न : कारचा एसी पळत्या गाडीत गार, सिग्नलला गरम. मेकॅनिक गॅस भरा म्हणतो.
(एक वाचक, नांदेड)

लगेच भरू नका. पळताना गार आणि उभं राहिल्यावर गरम, म्हणजे पुढच्या कंडेन्सरमधून, एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीतून, हवा जात नाही. बोनेट उघडून एसी चालू करा, जाळीमागचा पंखा फिरतो का बघा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा मोटर. फिरत असेल तर कंडेन्सरच्या पात्यांमध्ये माती, किडे आणि कापसाचे तंतू अडकले असणार. गाडी थंड असताना बागेच्या नळीनं हलक्या धारेनं धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पाती वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा केबिन फिल्टर वर्षातून एकदा बदला. बहुतेक गाड्यांत तो घरी दहा मिनिटांत निघतो, बसवताना बाणाची दिशा तेवढी बघा. एवढं करूनही फरक पडला नाही तरच गॅसचा विचार. गॅस संपत नसतो, गळतो. गळती न शोधता भरणाऱ्याकडं पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जावं लागतं. गळती काढल्यावर अर्धा तास व्हॅक्यूम आणि मग बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये मोजून गॅस, हे गॅरेजवाल्यानं तुमच्यासमोर करावं. जास्त गॅसनंही गारवा कमी होतो.

प्रश्न : इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी आहे. लाईन गेल्यावर टीव्ही, दोन पंखे किती वेळ चालावेत? आरओचं पाणी टाकलं तर चालतं का?
(एक वाचक, वसमत)

१२ व्होल्टच्या या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, हाती लागतात साधारण ११००. दोन जुने पंखे १५० वॅट, टीव्ही ११०, दोन दिवे आणि राउटर ३०. पावणेचार तास. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले तर दोन्ही मिळून ६० वॅटच ओढतात आणि तीच बॅटरी साडेपाच तास जाते. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. आरओचं पाणी नको, त्यातही क्षार उरतात आणि प्लेटांवर बसतात. डिस्टिल्ड वॉटरच टाका, उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा.

प्रश्न : फोनवर ओटीटी पुसट दिसतं. नेट तर चांगलं आहे.
(एक वाचक, हिंगोली)

‘डीआरएम इन्फो’ ॲप टाका आणि वाइडवाइन (सिनेमाची चोरी रोखणारं कुलूप) समोर काय लिहिलंय ते बघा. एल३ असेल तर नेटफ्लिक्ससारखं ॲप ४८० पीच्या वर जात नाही, नेट कितीही असो. एल१ हवं. बिनाप्रमाणपत्राच्या स्वस्त टीव्ही बॉक्सचं दुखणंही हेच. एल१ असूनही पुसट असेल तर तुमचा प्लॅन मोबाईलवाला आहे का बघा.

प्रश्न : नव्या पेट्रोलनं मायलेज कमी झालं असं वाटतं. खरं की भास?
(एक वाचक, अंबाजोगाई)

खरं, पण लोक सांगतात तेवढं नाही. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऊर्जा कमी असते, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. आधीच्या १० टक्क्यांच्या पेट्रोलशी तुलना केली तर तीन-चार टक्के घट समजण्यासारखी आहे. लिटरला २० देणारी गाडी १९ वर आली तर पेट्रोलचं, १६ वर आली तर एअर फिल्टर, टायरमधली हवा आणि प्लग बघा. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या या पेट्रोलच्या हिशेबानं बनवलेल्या आहेत. जुन्या दुचाकीच्या रबरी नळ्या मात्र सर्व्हिसिंगला तपासून घ्या, आणि उभ्या गाडीच्या टाकीत हे पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहू देऊ नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

प्रश्न : फ्री डिशची छत्री वाऱ्यानं हलली. माणूस यायला तयार नाही.
(एक वाचक, भूम)

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आहे, ९३.५ अंश पूर्वेला. आपल्या भागातून तो बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतो. छत्री त्यापेक्षा उभी दिसते, तिची घडणच तशी असते. शेजाऱ्याची चालू छत्री फ्री डिशचीच असेल तर तिच्याकडं बघून कोन लावा. खांब आधी ओळंब्यानं सरळ करा, नाहीतर कितीही फिरवून उपयोग नाही. एक जण टीव्हीसमोर सिग्नलचं पान उघडून बसावा आणि वरच्यानं एका वेळी बोटभरच हलवावं, प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबून. पट्टी वर आली की नट आवळताना पुन्हा बघा, आवळतानाच छत्री सरकते.